जूनआधीचा मार्च

साथी समाजाला नवी मूल्ये शिकवतात, असे म्हणण्याची एक पद्धत आहे. आम्हांला ते पटत नाही. समाजाच्या अंगी आधी जे मुरलेले असते, तेच साथीत उघड्यावर येते. १८९७ सालचे पुणे हे याचे उदाहरण आहे.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्या हुकुमावरून गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोगी हुडकून इस्पितळात आणि त्यांचे आप्त छावण्यांत धाडले जाऊ लागले. या जुलुमाविरुद्धचा संताप न्याय्यच होता. परंतु तो ज्या भाषेत प्रकटला तीही पाहावी: स्वयंपाकघर बाटले, देवघर विटाळले, घराची अब्रू गेली. ही भाषा प्लेगने आणलेली नव्हती. ती घरात होतीच. ज्यांचा स्पर्शच पिढ्यान्‌पिढ्या विटाळ मानला गेला, त्यांचे दुःख मांडायला तिच्यात जागा नव्हती.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळील दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. हे धैर्य एका दिवसात आलेले नव्हते. फुल्यांच्या घरचा हौद १८६८ मध्येच अस्पृश्यांसाठी खुला झाला होता. स्पर्शाची सवय झालेले हात साथीतही मागे सरले नाहीत.

पुढे २२ जून रोजी दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्या रात्रीवर १९७९ साली चित्रपटही निघाला. मार्चमधला तो मृत्यू मात्र दीर्घकाळ आपल्या साहित्यस्मृतीच्या कडेलाच राहिला. समाज काय लक्षात ठेवतो, हाही मूल्यांचाच प्रश्न आहे.

२०२० मध्ये तोच जुना कायदा पुन्हा लागू झाला. 'सोशल डिस्टन्सिंग'चे आपण सरळ 'सामाजिक अंतर' केले. त्या शब्दाने या देशात काय काय सोसले आहे, याचा विचार न करता. 'आमचे सोवळे शास्त्रीयच होते' अशी फुशारकीही ऐकू आली. घरकामाच्या बायकांना इमारतींची फाटके बंद झाली. जंतूपासून राखलेले अंतर साथीबरोबर संपते. सोवळ्याचे अंतर जन्मासोबत येते आणि साथ सरल्यावरही उरते. हे दोन्ही एकच मानणे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

साहित्याच्या वर्गात १८९७ शिकवताना जूनआधी मार्च येतो, एवढे तरी आपण सांगावे.