आगीचा विमा आहे, टॅलीचं काय?

मंडळी, मनवेलपाड्यात गाळा घ्यायला कर्ज काढलंत तर बँक आगीचा विमा मागतेच. पण उधारी, बिलं, जीएसटीचा हिशोब ज्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर आहे, तो व्हायरसने कुलूपबंद केला तर? साध्या आगीच्या विम्यात ते बसत नाही. जळलेलं काहीच नसतं ना!

"आमच्यासारख्यांच्या वाट्याला कोण जातंय?" हे ठरलेलं उत्तर. अहो, जून 2017 मध्ये नॉटपेट्या आला तेव्हा रोख होता युक्रेनवर. ठप्प झालं इकडे जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल. मर्स्कला एकूण फटका 25 ते 30 कोटी डॉलरचा. ती मोठी कंपनी, तरली. गाळेवाल्याचं आठ दिवस एकही बिल निघालं नाही तर कामगारांचा पगार कुठून यायचा?

म्हणून सायबर विमा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र बारीक अक्षरं वाचून. त्याच नॉटपेट्यात मर्क या औषध कंपनीचा मालमत्तेचा विमा होता. विमा कंपन्यांनी 'हे युद्धच' म्हणून हात वर केले. मर्क अपिलात जिंकली, पण 2023 उजाडलं. इतकी वर्षं कोर्टात जायला आपल्याकडे पैसा आहे का? तेव्हा एजंटला आधीच विचारा: धंदा बंद राहिला त्याचे पैसे मिळतात का? आपल्याच माणसाने फसून ओटीपी सांगितला तर? बॅकअपची अट आहे का?

आणि हो, बॅकअपचा पेनड्राइव्ह कायम त्याच कॉम्प्युटरला खोचलेला असेल, तर तोही सोबत जाणार.