गुळवेल ओळखतो कोण?

शहापूर तालुक्यातील गुळवेलीचा धंदा कातकरी आदिवासींच्या वनौषधी-ज्ञानावर उभा आहे. यावर वाशिंद-आसनगाव पट्ट्यात घेतला जाणारा आक्षेप असा : वेल रानात आपोआप वाढते, कातकरी ती तोडतो, वजनावर पैसे घेतो, यात ज्ञान कसले?

आक्षेप घेणाऱ्याने उन्हाळ्यात रानात जाऊन पाहावे. पाने झडलेली असतात, झाडांवर नुसती खोडे लोंबतात. कागदासारखी सुटणारी साल आणि आडव्या कापात दिसणारे चाकासारखे आरे, यांवरून गुळवेल ओळखावी लागते. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा त्यांनी वनस्पतीची ओळखच पटवलेली नसल्याचे आयुष मंत्रालयाने सांगितले. पुढे सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीबद्दल इशाराही दिला. हा खुलासा मान्य करायचा आणि ओळखणाऱ्याला मात्र हमाल समजायचे, हे जुळत नाही.

बाजार आला की रान ओरबाडले जाते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या मागणीमुळे कातकऱ्यांचा गटही हावरट होऊ शकतो. पण बुंधा राखून कापलेली गुळवेल पुन्हा फुटते, आणि त्या फुटीची गरज ठेकेदाराला नसते. पुढल्या वर्षी त्याच वेलीकडे येणाऱ्याला असते. वनहक्क कायद्याने (२००६) गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना दिली, ती म्हणूनच महत्त्वाची.

हा वनोपज प्रक्रिया करून विकता यावा, यासाठी केंद्र सरकारची वनधन योजना २०१८ मध्ये सुरू झाली. शहापूरच्या कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली. आकडा डोळे दिपवणारा खरा, पण कच्च्या मालावर नाव शेवटी कंपनीचेच लागते. कॅनडाच्या नुनाविक भागात इनुइटांची अवाताक ही सांस्कृतिक संस्था टुंड्रातील वनस्पतींचा चहा स्वतःच्या ब्रँडखाली बाजारात आणते. त्या पाकिटावर वनस्पतीइतकीच माणसांचीही ओळख असते.

कायद्यामुळे कंपन्यांच्या लाभातला वाटा मिळेल, ही आशाही फारशी टिकणारी नाही. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला लाभवाटणीतून सूट दिली, आणि गुळवेल तर चरकसंहितेतच आहे. वाटा मिळवायचा तो वाळवणे, कुटणे, चाळणे, पुडी बांधणे ही कामे पाड्यावर ठेवूनच. दिवाळीनंतर कामासाठी वीटभट्टीवर निघणाऱ्या कातकरी कुटुंबाला तेवढीच गावातली मजुरी.