खोकल्याची तिसरी बाटली देण्यापूर्वी

जालना जिल्ह्यात जुनाट खोकल्याचा रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडे नाहीतर औषधांच्या दुकानात येतो. बिडी ओढणारा शेतकरी, लोखंडाच्या कारखान्यातील कामगार, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेली गृहिणी, या सर्वांची तक्रार एकच असते. त्यांतील बहुतेकांना कर्करोग नसतो. परंतु ज्याला तो असतो, त्याचे भवितव्य आपल्या दारी गेलेल्या आठवड्यांवरही अवलंबून असते. व्यवसायबंधूंनी याचा गांभीर्याने विचार करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

फुफ्फुसाच्या कर्करोगात अवस्थेचे महत्त्व फार मोठे आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीतील आकडेवारीनुसार अगदी आरंभीच्या अवस्थेतील सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते. चौथ्या अवस्थेत हे प्रमाण १० टक्के वा त्याहून कमी होते. म्हणून तीन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, रक्तष्ठीवन, अकारण घटणारे वजन, बसलेला आवाज किंवा जत्रुप्रदेशी गाठ आढळल्यास कासाची तिसरी बाटली देण्यापूर्वी छातीचा एक्स-रे करून घ्यावा. लक्षणे टिकून असतील, तर एक्स-रे निर्दोष आला म्हणूनही थांबू नये.

आपल्याकडील मोठा चकवा क्षयरोगाचा आहे. खोकला, रक्त, कृशता आणि एक्स-रेवरील डाग दोन्ही व्याधींत सारखेच दिसू शकतात. थुंकीत जंतू सिद्ध न होता केवळ डागावरून क्षयाची औषधे सुरू होतात आणि काही मोलाचे महिने निघून जातात. अशा रुग्णास उतार पडत नसेल, तर सीटी स्कॅन व बायोप्सीचा आग्रह धरावा. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या भीतीपोटी अनेक कुटुंबे मागे फिरतात. ही भीती दूर करणे आपल्यालाच शक्य आहे, कारण त्यांचा विश्वास आपल्यावर असतो.

निदानानंतरचे मार्गही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. मर्यादित आजारात शस्त्रक्रिया, पुढे किरणोपचार व केमोथेरपी, तर ईजीएफआरसारखा जनुकीय बदल आढळल्यास गेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या दिल्या जातात. भारतीय रुग्णांत, विशेषतः धूम्रपान न करणाऱ्यांत, हा बदल पुष्कळदा सापडतो. म्हणून ती तपासणी टाळू नये. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्यापासून जेमतेम ६० किलोमीटरवर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत, हेही रुग्णास सांगावे.

मग वैद्याचे कार्य काय? साध्यासाध्य विचार हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. चरकाने असाध्य व्याधींतच याप्य हा एक प्रकार मानला, तर सुश्रुताने त्यांच्या चिकित्सेला पडत्या घराच्या टेकूची उपमा दिली. चौथ्या अवस्थेतील कित्येक रुग्ण आज याच अर्थाने याप्य आहेत. त्यांचा अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती आणि मनोबल सांभाळणे हे लहान काम नव्हे. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पसरलेल्या फुफ्फुसकर्करोगात आरंभापासून वेदनाशामक व आधारपर सेवा मिळालेले रुग्ण केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानाने आणि सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले.

मात्र हा आधार कर्करोगतज्ज्ञाला कळवूनच द्यावा. सितोपलादि व त्रिकटू यांतील पिंपळीमध्ये पायपरीन असते. ते यकृतातील काही विकरांची क्रिया मंदावते आणि वर उल्लेखिलेल्या गोळ्यांचे पचन याच विकरांकडून होते. रक्तातील मात्रा त्यामुळे वाढण्याची शक्यता असते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य येथे उपयोगाचे नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनी आणखी एक ध्यानी घ्यावे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. तो बरा करण्याची जाहिरात असलेला फलक दुकानात लावणे हा गुन्हा ठरतो. कायदा बाजूला ठेवला, तरी त्या फलकावर विसंबून शस्त्रक्रियेची वेळ दवडणाऱ्या रुग्णाचे उत्तरदायित्व उरतेच.

रुग्ण वेळेवर पुढे पाठविल्याने वैद्याचा मान कमी होत नाही. उपचार घेऊन तो परत आपल्याच दारी येतो, आणि तेव्हा त्याला आपली खरी गरज असते.