मुलाखतीला तरी जाऊ द्या

गेल्या शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून शाळेत परतलो, तर आमचे गणिताचे तरुण सर अर्ज घेऊन उभे. नागपूरच्या एका संस्थेकडून त्यांना मुलाखतीचे पत्र आले होते. त्यात नेहमीची ओळ होतीच: सेवेत असलेल्या उमेदवाराने ना हरकत प्रमाणपत्र सोबत आणावे. पर्यवेक्षक म्हणून माझी शिफारस हवी होती. खरे सांगतो, आधी मनात दहावीचा वर्ग आला. उर्दूतून भूमिती शिकवणारा माणूस भंडारा जिल्ह्यात पुन्हा कुठून आणायचा?

मग लाज वाटली. सोळा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थेत मीही असाच अर्ज घेऊन उभा होतो. बी.एड. झालेले, उर्दू आणि मराठी दोन्ही विषय हातात, जागा नागपुरातल्या मोठ्या शाळेतली. सदरसाहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मास्टरसाब, जाना है तो इस्तीफा रखके जाव." अब्बा तेव्हा अंथरुणावर होते. हातची नोकरी सोडून मुलाखत द्यायला कोण जाईल? त्या दिवशी मी सातवीला चाचणीचे पेपर वाटत बसलो. निवड झाली असती की नाही, अल्लाह जाणे. नापास झालो असतो तर एव्हाना विसरलोही असतो.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत चेंडू हातात घेऊन धावायचा जो फुटबॉल खेळतात, त्याच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. तिथे मुख्य प्रशिक्षकाच्या खाली समन्वयक असतात, एक आक्रमणाचा, एक बचावाचा, आणि त्यांच्या खाली सहायक. मुख्य प्रशिक्षक बहुधा समन्वयकांतूनच निवडतात. पण सहायकाला दुसऱ्या संघाने समन्वयकपदाच्या मुलाखतीला बोलावले, तर करार दाखवून त्याचा संघ त्याला अडवू शकत असे. खेळाडूंत बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि २०२० साली त्यांच्यातले मुख्य प्रशिक्षक जेमतेम तीन. मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, हा नियम तर २००३ पासून होता. वरचे दार उघडे आणि जिना बंद! अखेर मे २०२० मध्ये मालकांनी ठराव केला की खऱ्याखुऱ्या समन्वयकपदाच्या मुलाखतीला कोणी अडवायचे नाही. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट ठरली, ती मला जास्त आवडली. ज्या संघाचा अल्पसंख्य माणूस दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होईल, त्या संघाला नवे खेळाडू निवडताना दोन वर्षे एकेक जादा निवड मिळेल. म्हणजे माणूस घडवून सोडणाऱ्याच्याही पदरात काही पडते.

आपल्याकडे १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे कायम शिक्षकाने सोडून जाताना तीन महिन्यांची नोटीस द्यायची. हे रास्तच आहे, मुलांना वाऱ्यावर सोडता येत नाही. राजीनामा दोन प्रतींत लिहून एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायचा, असेही त्यात आहे. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवणाऱ्यांच्या राज्यात अशी कलमे का लागतात, ते मास्तर लोकांना सांगायला नको. सांगायचे एवढेच की जाणाऱ्यापासून शाळेचे रक्षण करायला ही नोटीस आहे. मुलाखत म्हणजे जाणे नव्हे. तिथेच हात धरायचे कारण काय?

आपल्या संस्थाचालकांना हे जास्त बोचावे. कलम ३० ने मिळालेल्या हक्काबद्दल आपण सभेत तावातावाने बोलतो, तो समाजाच्या मुलांना पुढे नेण्यासाठी. मग त्याच समाजातून शिकून आलेला शिक्षक पुढे निघाला की त्याच्यावर "एहसानफरामोश" असा शिक्का का मारतो? मुंबईने वसीम जाफरला सोडले नसते, तर २०१५ मध्ये तो विदर्भाकडे कसा आला असता? क्रिकेटमध्येही एका राज्याचा संघ सोडून दुसरीकडे खेळायला ना हरकत लागतेच. विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा तो संघात होता, आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. तेव्हा भंडाऱ्यातही फटाके फुटले असतील, तर ते मुंबईच्या ना हरकतीवर फुटले.

अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. सर गेले तर जागा भरेपर्यंत महिने जातील, आणि तोवर भूमिती मलाच घोकावी लागेल. उर्दूच्या मास्तराने प्रमेय शिकवायचे! पण त्या रिकाम्या जागेची तक्रार शिक्षण विभागाकडे करायची असते. आम्ही ती मास्तरच्या पायात बांधतो.

अर्जावर मी "शिफारस करण्यात येते" लिहून सही केली आणि मगरिबनंतर स्वतः सचिवांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी चष्मा काढला, अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "देखते हैं." मुलाखत मंगळवारी आहे.