पाळणा, मांजर आणि अपरीक्षितकारक

घरात बाळ येणार असे कळले की पुष्कळ कुटुंबांत पहिला निवाडा मांजराविषयी होतो, आणि तो बहुधा एकच असतो: गोणीत घालायचे आणि दूर कुठेतरी मासळीबाजारापाशी सोडून यायचे. वर्षानुवर्षे त्याच घरात वाढलेल्या प्राण्याविरुद्ध पुरावा काय, असे विचारले तर उत्तर गोष्टीच्या रूपात येते. दुधाच्या वासाने ते बाळाच्या छातीवर बसते, त्याचा श्वास ओढून घेते. (हा शेवटचा आरोप इंग्रजी लोकसमजुतीतही आहे.) साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकरणात लक्ष घालावे ते एवढ्याचसाठी, की हा संशय पुष्कळसा वाङ्मयीन आहे.

संस्कृत परंपरेने रंगवलेले मांजर ढोंगी आहे. ‘हितोपदेशा’तला दीर्घकर्ण आंधळ्या जरद्गव गिधाडाचा विश्वास संपादन करून झाडावरची पिल्ले फस्त करतो, महाबलिपुरमच्या सातव्या शतकातील शिल्पात उंदरांच्या सोबतीने एक मांजर तप करीत उभे आहे, आणि दांभिक माणसाला ‘मनुस्मृती’ ‘बैडालव्रतिक’ म्हणते. पण या सगळ्यांत धोका आहे तो पिल्लांना आणि उंदरांना. तिथून माणसाच्या पाळण्यापर्यंतची उडी आपली आहे.

पाळणा आणि पाळीव प्राणी यांची खरी कथा मुंगसाची. ‘पंचतंत्रा’च्या पाचव्या तंत्राचे नावच ‘अपरीक्षितकारक’ आहे, त्यामुळे ‘अविचाराने कृती करू नये’ एवढे सांगून वर्गात ती संपवली जाते. मला तिचा आरंभ अधिक महत्त्वाचा वाटतो. ब्राह्मणी त्या मुंगसाला पोटच्या पोरासारखे दूध पाजते, तेल लावून चोळते. आणि तरीही बाळाजवळ त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. घागर त्याच्या अंगावर पडते ती शेवटी, पण शिक्षा ठरलेली असते आधीच. रक्ताने माखलेले तोंड दिसताच तिला पुरावा सापडतो, कारण ती पुराव्याचीच वाट पाहत होती. नारायणपंडिताच्या ‘हितोपदेशा’त हाच वध उज्जयिनीचा माधव ब्राह्मण करतो. म्हणजे स्त्रीच्या उतावळेपणाची ही कथा, असे काही शिक्षक सांगतात तेही टिकत नाही.

याच्या अगदी उलट दिशेने जाणारी कथा बंगालमध्ये आहे. तिथे नवजातांची रक्षणकर्ती षष्ठी मांजरावर आरूढ असते. तिच्या व्रतकथेत धाकटी सून घरातले पदार्थ चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. मांजर देवीकडे गाऱ्हाणे नेते; मग सुनेला झालेले प्रत्येक मूल ते उचलून देवीपाशी ठेवून येते. सुनेने मांजराची क्षमा मागितल्यावर मुले परत मिळतात. कथा भाबडी आहे खरी, पण मूल्यदृष्ट्या नीतिकथेपेक्षा पुढची आहे. इथे मांजराला बदनामीची दाद मागता येते. आपली सटवाई याच षष्ठीची मराठी बहीण. मी पाहिलेल्या पाचवी-सटीच्या पूजांत मात्र कोरा कागद आणि लेखणी होती, मांजर नव्हते.

आता वास्तवाकडे. गर्भवतीने मांजराची विष्ठा स्वतः साफ करू नये, हा सल्ला टॉक्सोप्लाझ्मोसिसच्या भयाने दिला जातो आणि तो अवश्य पाळावा. पण तो संसर्ग अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होतो. भाजीला कोणी गोणीत घालून सोडून येत नाही. मांजर श्वास ओढत नाही. त्याला ऊब हवी असते, आणि बाळंतिणीच्या खोलीइतकी उबदार जागा घरात दुसरी नसते. तान्ह्या बाळाला स्वतःहून बाजूला होता येत नाही म्हणून ते शेजारी झोपणे धोक्याचे, एवढाच काय तो खरा मुद्दा; त्याला उपाय म्हणजे लावलेले दार आणि जागे असलेले मोठे माणूस.

ओळख करून द्यायची ती नाकाने. बाळ घरी येण्याआधी त्याचे एखादे दुपटे मांजराच्या नेहमीच्या जागेपाशी ठेवावे. पाळणा आधीच मांडून ठेवावा आणि त्यात झोपायचे नाही, हे त्याला तेव्हापासूनच कळू द्यावे. पहिल्या भेटीत त्याला उचलून बाळाच्या तोंडापुढे धरणे हा शुद्ध अडाणीपणा. त्याने आपण होऊन यावे, दुरून हुंगावे, कंटाळून निघून जावे. पळून पलंगाखाली बसले तर बसू द्यावे. त्याच्या खाण्याच्या वेळा आणि त्याची खिडकी बदलू नये, कारण मांजर बिथरते ते बहुतेक वेळा बाळापेक्षा घराची घडी मोडल्यामुळे.

हे करायला कुणाला तरी रिकामा वेळ हवा, आणि सव्वा महिना तो आईपाशी नसतो. माझ्या मते हे काम आजोबांकडे सोपवावे. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना तसेही कोणी फारसे येऊ देत नाही.