आधी लगाम, मग वेग

शिवाजी नगरातील आमच्या घरापुढे एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीच्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला; आमच्या घरी मात्र ती अद्याप नांदते आहे. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, बळ सुमारे ४० अश्वशक्तीचे.

गेल्या उन्हाळ्यात श्यामला हिल्सच्या चढावर ती धापा टाकू लागली. एका दुकानदाराने मोठा कार्बुरेटर, उघडा एअर फिल्टर आणि रुंद सायलेन्सर बसविण्याचा सल्ला दिला. घरातील मुले हरखली. आम्हीही मोहात पडलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु आमच्या वृद्ध मिस्त्रींनी आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. एका सिलिंडरात ते फारच कमी भरले. तेथील झडप नीट बसत नव्हती. झडपा घासल्या, टॅपेटची फट आणि ठिणगीची वेळ जुळविली, आणि गाडी तोच चढ विनातक्रार चढली. नवा भाग एकही लागला नाही!

यावरून सुधारणा करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. मात्र इंजिन म्हणजे श्वासोच्छ्वास करणारे यंत्र होय. हवा वाढविली, पण कार्बुरेटरचा जेट बदलून पेट्रोल वाढविले नाही, तर मिश्रण विरळ होते, उष्णता वाढते आणि झडपा जळतात. कार्बुरेटर मोठा आणि धूर जाण्याची वाट अरुंद, हेही व्यर्थच. म्हणून जोडीचा विचार करावा, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंदी आहे, हेही विसरू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते, हे विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या तासाला शिकलेले असेलच. आमच्या गाडीचे जुने ड्रम ब्रेक मूळच्या बळासाठी बनविलेले. वाढीव वेगाचा भार त्यांनी कसा सोसावा? मागच्या आसनावर आपलीच मुले बसलेली असतात. म्हणून पहिला रुपया ब्रेक, टायर व रेडिएटर यांवर खर्चावा. उरला तर कार्बुरेटरवर. जो थांबू शकतो, त्यालाच धावण्याचा अधिकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.