बँकेची चूक आणि आपला पैसा : पेण अर्बनने शिकवलेला धडा आपण वापरतो का?

सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख खातेदारांचे पैसे अडकले. बोगस कर्जखात्यांतून गेलेली रक्कम सहाशे कोटींच्या घरात असल्याचे पुढे समोर आले. ठेवीदारांनी मोर्चे काढले, उपोषणे केली, न्यायालयात धाव घेतली. दीड दशक उलटले तरी पेणच्या नाक्यावर ‘आपले पैसे कधी मिळणार?’ हा प्रश्न जुना झालेला नाही.

या घोटाळ्यावर खूप लिहून झाले आहे. इथे प्रश्न वेगळा आहे. एवढा मोठा फटका बसलेल्या तालुक्यात आणि शेजारच्या रोह्यात आजही खात्यातून दीड हजार रुपये चुकीने कापले गेले, तर किती जण लेखी तक्रार करतात? वस्त्यांमध्ये काम करताना दिसते ते असे : माणूस शाखेत जातो, खिडकीवर विचारतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकतो आणि परत येतो. धाटावच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या कामगाराचा त्यात एक खाडा जातो. तिसऱ्या खेपेला तो नाद सोडतो. बँकेच्या दप्तरी त्याची तक्रार कधी झालेलीच नसते.

खाते हा उपकार नाही

याचे मूळ सामाजिक आहे. आपल्या मागच्या पिढ्यांना पैसा ठेवायला सावकार आणि पेढीशिवाय दार नव्हते. त्यामुळे बँकेने खाते उघडून दिले म्हणजे मेहेरबानी केली, ही भावना अजून गेलेली नाही. साहेब रागावतील, पुढे कर्ज देणार नाहीत, ही भीतीही असते. प्रत्यक्षात खाते हा करार आहे. आपण बँकेला पैसे उसने दिलेले असतात आणि हिशेब देण्याची जबाबदारी तिची असते.

ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या समाजाने पासबुकातली नोंद वाचायला संकोचू नये. बुद्धांनीही कोलिय दीघजाणूला उपदेश करताना गृहस्थाच्या हिताच्या गोष्टींत कष्टाने मिळवलेल्या संपत्तीचे रक्षण सांगितले आहे. त्यालाच ‘आरक्खसंपदा’ म्हणतात. राजा, चोर, आग आणि पूर यांपासून धन जपावे, असे तिथे म्हटले आहे. आजच्या काळात त्या यादीत बँकेची चूकही धरायला हरकत नाही.

चूक कोणती, ते आधी ओळखा

सगळ्या तक्रारी एकसारख्या नसतात आणि प्रत्येकीचा नियम वेगळा आहे.

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने रक्कम परत जमा केली पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे आणि भरपाई मागावी लागू नये, ती आपोआप जमा व्हावी, असे त्यात अपेक्षित आहे.

आपण न केलेला ऑनलाइन व्यवहार खात्यात दिसला, तर २०१७ चे नियम लागू होतात. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर जबाबदारी नाही. चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही, अशा वेळी बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार येतो. बेसिक बचत खात्याला तो जास्तीत जास्त ५,००० रुपये आहे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. ओटीपी आपणच दुसऱ्याला सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून इथे प्रत्येक तासाला किंमत आहे.

किमान शिल्लक नसल्याचा दंड ही तिसरी बाब. बेसिक बचत खात्याला, म्हणजे जनधन खात्यालाही, किमान शिल्लकेची अट नाही. इतर बचत खात्यांतही केवळ या दंडामुळे शिल्लक शून्याखाली नेता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे आले, तेव्हा काही बँकांनी ते जुन्या दंडात किंवा थकबाकीत वळते केल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आणि सरकारला बँकांना सूचना द्याव्या लागल्या.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शिष्यवृत्तीसाठी किंवा थेट लाभासाठी उघडलेले खाते दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून ‘निष्क्रिय’ ठरवू नये, असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितले आहे. निष्क्रिय झालेले खाते पुन्हा सुरू करायला शुल्कही नाही. मात्र ‘शिष्यवृत्ती आलीच नाही’ अशी तक्रार करण्याआधी आधार शेवटचे कोणत्या बँकेशी जोडले होते ते तपासा. आधारवर आधारित रक्कम त्याच खात्यात जाते. महाविद्यालयात असताना सहज उघडलेल्या दुसऱ्या खात्यात पैसे पडून असल्याचे अनेकदा आढळते.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी शाखा. अर्ज लेखी द्या. तारीख, खाते क्रमांक, रक्कम, नेमके काय झाले आणि काय हवे, एवढे एका पानात पुरते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सहीची पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. इथे हयगय केली की पुढचे दार बंद होते, कारण आधी बँकेकडे तक्रार न करता थेट वर गेलेली तक्रार लोकपाल स्वीकारत नाही.

दुसरी पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर इथे जाता येते. नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच योजना आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर नोंदवता येते किंवा चंदीगडच्या केंद्राला पोस्टाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. शुल्क नाही. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरापासून एका वर्षाची मुदत ठेवली होती. २०२१ च्या योजनेत नुकसानीची भरपाई २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ व खर्चापोटी आणखी एक लाखापर्यंत देण्याची तरतूद केली गेली. लोकपालाचा निवाडा मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते.

कार्यकर्त्यांनी एक मुद्दा लक्षात ठेवावा. वकिलामार्फत केलेली तक्रार लोकपालाकडे चालत नाही, पण तक्रारदार वकील नसलेला प्रतिनिधी नेमू शकतो. म्हणजे वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला आपल्या मावशीसाठी हे काम अधिकृतपणे करता येते.

तिसरी पायरी ग्राहक आयोग. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. मुदत दोन वर्षांची असते आणि वकील लावणे सक्तीचे नाही. मात्र आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तेच प्रकरण घेत नाही. म्हणून साध्या चुकीसाठी आधी लोकपाल हा क्रम सोयीचा.

बँकच बुडाली तर?

इथे पेणची आठवण पुन्हा काढावी लागते. २०१० साली ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती आणि निर्बंधांच्या काळात विम्याचे पैसे अमुक दिवसांत द्यावेत असे बंधन नव्हते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, ठेवीदार रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने, निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. एकाच जिल्ह्यातल्या या दोन बँकांमध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे आणि त्या अंतरात कायदा बदलला. ठेवीदार बोलत राहिले नसते तर तो बदलला असता, असे मानायला जागा नाही.

पण हे संरक्षण बँकांपुरते आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते. तिच्या ठेवींना हा विमा नाही आणि ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेतही येत नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे जाते. फसवणूक असेल तर पोलिसांकडे आणि १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली, आणि तो रस्ता लांबचा आहे. फलकावर ‘नागरी’, ‘सहकारी’, ‘अर्बन’ असे शब्द असले की लोकांना ती बँकच वाटते. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम तिथे ठेवणारे आपल्या ओळखीत कमी नाहीत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका मात्र विम्यात आहेतच, आणि त्यांना लोकपाल योजनेतही आणण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला.

आता काय करायचे?

‘कागद लिहून काय होते, आंदोलन हवे,’ असे काही मित्र म्हणतात. बँक बुडते तेव्हा आंदोलन हवेच. पण एकेकट्या माणसाच्या दीड हजारासाठी मोर्चा निघत नाही, आणि त्याच्यासाठी दीड हजार म्हणजे घरातला महिन्याचा किराणा असतो. शिवाय मोर्चा निघाला तरी मागणी कागदावरच टिकते. पावती, पासबुक आणि वारसाची नोंद ज्याच्याकडे आहे, त्याचाच दावा पुढे सरकतो.

पेण, रोहा, नागोठणे इथल्या विहारांत रविवारी वंदनेनंतर लोक जमतात. तिथे महिन्यातून एकदा तासभर पासबुक घेऊन बसता येईल. दोन पदवीधर मुले-मुली, एक वही आणि अर्जाचा एक नमुना एवढे पुरे. कोणाची कोणती तक्रार, पोच कधी मिळाली, तिसावा दिवस कधी भरतो, हे वहीत लिहायचे. ओटीपी आणि पिन कोणी विचारायचा नाही, कोणी सांगायचा नाही. प्रत्येक खात्याला वारस लावला आहे का आणि पाच लाखांहून जास्त रक्कम एकाच बँकेत आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

पुढच्या रविवारी निदान घरच्यांची पासबुके भरून आणा आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या नोंदी वाचा. न समजणारी वजावट दिसली, तर सोमवारी शाखेत अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.